ओसरीवरचें गणित : चपळ हातांत किती द्यावें?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं मौंज झाली. मुहूर्त सकाळचा आणि पानें साठ. आदल्या दिवशीं दुपारीं आमच्या आत्याबाई माजघराच्या दारांत पाट मांडून बसल्या आणि जें काम पुढें येईल तें कोणाच्या ना कोणाच्या पदरांत घालूं लागल्या. कोथिंबीर निवडायची निघाली, "सूनबाई, तूंच घे ग, तुझें चुटकीसरशीं होतें." वेलदोडे सोलायचे निघाले, तेहि सूनबाईकडे. नारळ खवायचे, गूळ चिरायचा, केळीचीं पानें पुसायचीं, एकामागून एक सारें तिच्याच वांट्याला आलें. आणि गंमत अशी कीं, प्रत्येक वेळीं आत्याबाईंचा हिशोब बरोबर होता. हातचीं कामें धरूनहि तें नवें काम सूनबाईच सर्वांच्या आधीं पुरें करणार, हें उघड दिसत होतें. थोरल्या वहिनी आणि मावशी ह्या दोघी संथ हाताच्या. त्या बिचाऱ्या "आम्हांलाहि कांहीं द्या" म्हणत बसून राहिल्या. रात्रीं आठाच्या सुमारास पुरणाची डाळ शिजून उतरली, आणि साठ पानांचें पुरण यंत्रांतून काढण्याचें, त्या दिवसांतलें सर्वांत मोठें काम उभें राहिलें. सूनबाईपुढें तेव्हां अजून नऊ नारळ होते, आणि एकदां हातीं घेतलेलें काम दुसऱ्याच्या गळ्यांत घालायचें नाहीं हा आत्याबाईंच्या घराण्याचा दंडक. पुरण मावशींकडे गेलें, आणि स्वयंपाकघरांतला दिवा मालवायला साडेबारा वाजले. दुसऱ्या दिवशींची मौंज सूनबाईनें जांभया दाबीतच पाहिली.

"अरे, तूं गणितवाला ना? मग माझें चुकलें कुठें तें सांग," असें आत्याबाईंनीं मला नंतर विचारलें. प्रश्न घरगुती दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरांत गणिताची एक सबंध शाखा गेलीं साठ वर्षें गुंतलेली आहे. म्हणून ह्या महिन्याची ओसरी त्यालाच देतों.

आधीं प्रश्न नीट मांडूं. कांहीं यंत्रें आहेत, त्यांचे वेग भिन्न आहेत. कांहीं कामें आहेत, त्यांतलें लहान कोणतें आणि मोठें कोणतें हें ठाऊक आहे. एक काम एकाच यंत्रानें सबंध करावयाचें, आणि सर्वांत शेवटचें काम जेव्हां संपेल ती वेळ शक्य तितकी अलीकडे आणावयाची. यंत्र म्हणजे पिठाची गिरणी असो, कापडाचा माग असो किंवा संगणक असो. किंबहुना आज घरोघरीं असलेल्या मोबाइल फोनच्या पोटांतहि हाच प्रकार चालतो. २०११ सालीं इंग्लंडांतील आर्म ह्या कंपनीनें एकाच चिपवर कांहीं चपळ आणि कांहीं संथ प्रोसेसर शेजारीं शेजारीं बसविण्याची योजना जाहीर केली. अशा फोनांत कोणतें काम चपळाला द्यावें आणि कोणतें संथाला, हा निवाडा आपल्या खिशांत क्षणाक्षणाला होत असतो. संथाला काम देण्याचा हेतु तेथें बॅटरी वांचविण्याचा असतो. पण तो विषय निराळा.

उदाहरण शेगडीचेंच घेऊं. गॅसच्या शेगडीला एक बर्नर मोठा आणि एक लहान. मोठ्यावर जें २५ मिनिटांत होतें त्याला लहानावर ४० मिनिटें लागतात असें समजा. म्हणजे वेगांचें प्रमाण ८ स ५. पदार्थ दोन आहेत. मोठ्या बर्नरवर पहिल्याला २५ मिनिटें लागतात आणि दुसऱ्याला ४०. पहिला आधीं हाताशीं आला, म्हणून तो मोठ्यावर चढविला. मागोमाग दुसरा आला. मोठा बर्नर मोकळा होईपर्यंत त्याला थांबविलें तर तो एकंदर ६५ मिनिटांनीं उतरेल; लगेच लहानावर ठेवला तर ६४ मिनिटांनीं. अर्थात् लहानावर ठेवला, आणि पानें ६४ मिनिटांनीं वाढलीं. आतां हेंच उलट करून पाहा. पहिला पदार्थ लहानावर ठेवा, ४० मिनिटें. दुसरा मोठ्यावर ठेवा, ४० मिनिटें. दोन पदार्थांच्या स्वयंपाकांत चोवीस मिनिटें फुकट गेलीं, आणि तींहि एकहि मूर्खपणा न करतां!

कोणी म्हणेल, सर्व मांडण्या तपासून उत्तम असेल ती निवडावी. दोन पदार्थ व दोन बर्नर असले तर मांडण्या चारच. पण यंत्रें दोनच ठेवून कामें ४० केलीं तर मांडण्या १,०९,९५१ कोटींच्या वर जातात. सेकंदास दहा लाख मांडण्या तपासणारा संगणक बसविला तर त्याला बारा-तेरा दिवस लागतील. आणि कामें ६० झालीं कीं तोच संगणक छत्तीस हजार वर्षें चालवावा लागेल. ह्याहून शहाणी अशी कांहीं रीत असेल काय? १९७२ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड कार्प ह्यांनीं एकवीस अवघड कोडीं एका दावणीला बांधून दाखविलीं: त्यांपैकीं एकालाहि नेहमींच झटपट सोडविणारी रीत सांपडली तर एकवीसहि सुटतील. आपलें कोडें, यंत्रें दोन आणि तींहि सारख्या वेगाचीं असलीं तरी, त्याच दावणीचें आहे. आजवर तशी रीत कोणाला सांपडलेली नाहीं, आणि ती नसावीच असें बहुतेक जाणत्यांना वाटतें.

उत्तम हातीं लागत नसेल तर उत्तमाच्या जवळचें घ्यावें. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला 'आसन्न' हें विशेषण लाविलें. हा अगदीं बरोबर नव्हे, जवळचा आहे, हें त्यानें स्वतः होऊन सांगितलें. हा प्रामाणिकपणा मला त्या आंकड्याहूनहि मोलाचा वाटतो. विसाव्या शतकांतील गणित्यांनीं ह्यांत एक भर घातली. नुसतें 'जवळ' म्हणून थांबावयाचें नाहीं; वाईटांत वाईट प्रसंगीं आपण उत्तमापासून किती दूर असूं, तें आधींच लेखी द्यावयाचें. पण ज्या उत्तमाला कोणी पाहिलेंच नाहीं, त्याच्यापासूनचें अंतर मोजावें कसें? सारी गोम येथें आहे.

ती प्रथम उकलली रोनाल्ड ग्रॅहम ह्यांनीं. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत हे गृहस्थ गणिताचें काम करीत. चेंडू झेलण्याच्या कलेंत ते इतके निष्णात होते कीं, त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे ते अध्यक्षहि झाले होते. हात दोन आणि चेंडू अनेक, ही अडचण त्यांना नवी नव्हती. २०२० सालीं ते निवर्तले. १९६६ सालीं त्यांनीं जीं यंत्रें विचारांत घेतलीं तीं सारख्या वेगाचीं होतीं, आणि रीत अगदीं भाबडी: जें यंत्र मोकळें होईल त्याला यादींतलें पुढचें काम द्यावें. ह्या रीतीनें लागणारा वेळ उत्तम मांडणीच्या दुपटीवर कधींहि जाणार नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. सिद्धता पोळ्या लाटतां लाटतां समजण्यासारखी आहे. जें काम सर्वांत शेवटीं संपलें त्याच्याकडे पाहा. तें सुरू होईपर्यंत एकहि यंत्र मोकळें नव्हतें. असतें, तर तें काम आधींच सुरू झालें असतें. म्हणजे तोंपर्यंतचा सारा वेळ सर्व यंत्रें अखंड राबत होतीं, आणि सर्वांनीं अखंड राबून जेवढें उरकलें तेवढें त्याहून कमी वेळांत उरकणें उत्तम मांडणीलाहि शक्य नाहीं. राहिलें तें शेवटचें एक काम. तें उत्तम मांडणींतहि कोणा तरी यंत्राला सबंध करावेंच लागलें असणार. तेव्हां पहिला भाग उत्तमाहून मोठा नाहीं, दुसराहि नाहीं, आणि दोहोंची बेरीज दुपटीच्या बाहेर नाहीं. उत्तम मांडणी पडद्याआडच राहिली, तरी तिच्यापासूनचें अंतर मोजून झालें! पुढें १९६९ सालीं त्यांनीं असेंहि दाखविलें कीं, मोठीं कामें आधीं आणि लहान मागून असा क्रम लाविला, तर जादा वेळ उत्तमाच्या एक-तृतीयांशाहून कमीच राहतो.

आतां यंत्रांचे वेग भिन्न करा, आणि ही सुरेख सिद्धता मोडून पडते. ती कोणत्या वाक्याशीं मोडते तें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. 'तें काम उत्तम मांडणींतहि कोणा तरी यंत्राला करावेंच लागलें असणार.' लागलें असेल, पण तें चपळ यंत्राला! आपण तेंच संथाच्या गळ्यांत बांधलें असेल तर वेळ पांचपट होईल, नाहींतर पन्नासपट. म्हणून वेग भिन्न झाले कीं 'जो मोकळा त्याला द्या' ही रीत सोडून 'ज्याच्याकडून आधीं संपेल त्याला द्या' ही धरावी लागते. वाचकहो, हीच आत्याबाईंची रीत. ती अडाणी नव्हे; तिच्यावर मोठमोठ्यांनीं निबंध लिहिले आहेत.

१९७७ सालीं तेओफिलो गोन्सालेस, ऑस्कर इबारा आणि सरताज साहनी ह्या तिघांनीं सिद्ध केलें कीं, कामें मोठ्यांपासून लहानांकडे अशा क्रमानें घेऊन ही रीत चालविली तर वेळ उत्तमाच्या दुपटीला कधींहि पोहोंचत नाहीं. साहनी हे जन्मानें पुण्याचे, हें वाचून पुणेकर वाचकांना थोड्या गुदगुल्या होतील, होऊं द्याव्या. खरी मर्यादा दुपटीहून बरीच खालीं आहे. २०१० सालीं अन्नामारिया कोवाच ह्यांनीं ती १.५४ आणि १.५८ ह्यांच्या दरम्यान कोंडली. आणि क्रम लाविलाच नाहीं, कामें येतील तशीं घेतलीं तर? यंत्रें दोन असतांना साहनी आणि यूकुन चो ह्यांनीं १९८० सालीं काढलेली मर्यादा १.६१८, म्हणजे ज्याला सुवर्णप्रमाण म्हणतात तें. वरच्या शेगडीवर ६४ भागिले ४० असे १.६ आले होते. आपण त्या मर्यादेच्या उंबरठ्यावरच उभे होतों. ८ आणि ५ हे आंकडे मीं सहज घेतले नव्हते. १, २, ३, ५, ८, १३ ही श्रेढी विरहांक आणि हेमचंद्र ह्यांनीं मात्रावृत्तांचे प्रकार मोजतांना दिलेली. पाश्चात्त्य तिला फिबोनाचीच्या नांवानें ओळखतात. तिच्यांतील लगतच्या दोन संख्यांचें प्रमाण ह्या १.६१८ कडे सरकत जातें. लघुगुरूंचा हिशोब शेगडीवर येऊन असा भेटेल, हें हेमचंद्राच्या स्वप्नांतहि नसेल.

१९८८ सालीं डोरिट होखबाउम आणि डेव्हिड श्मॉइस ह्यांनीं तर भिन्न वेगांच्या यंत्रांसाठीं उत्तमाच्या हवें तितकें जवळ नेणारी रीत दिली. मात्र जितकें जवळ जावें तितकी आंकडेमोड भयंकर वाढते, आणि मौंजीच्या घरीं ती करीत कोणी बसणार नाहीं.

असो. हें बहुतेक सारें, कामें आधींच समोर मांडलेलीं असतील तर उपयोगाचें. आत्याबाईंपुढें तीं तशीं नव्हतीं. एक आलें कीं तें देऊन टाकावयाचें, पुढें काय येणार तें ठाऊक नाहीं, आणि दिलेलें परत घ्यावयाचें नाहीं. अशा प्रसंगीं 'ज्याच्याकडून आधीं संपेल त्याला' ह्या रीतीचें खरें व्यंग उघडें पडतें. माणसें दोन असतील तर ठीक. पण जसजशीं तीं वाढत जातील तसतशी तिची मर्यादाहि वाढत जाते. माणसांची संख्या दुप्पट झाली कीं मर्यादेंत सुमारें ठराविक भर पडते, आणि ती कोणत्याहि एका पटीवर येऊन थांबत नाहीं. कारण तेंच, जें आमच्या माजघरांत घडलें. बारीकसारीक कामें चपळ हातांकडे धांवतात, आणि जें मोठें काम त्या हातांखेरीज कोणाला झेपत नाहीं तें येतें तेव्हां ते हात कोथिंबिरींत गुंतलेले असतात.

ह्यावरची तोड १९९३ सालीं जेम्स ॲस्पनेस, योसी अझर, आमोस फियाट, सर्ज प्लॉटकिन आणि ओर्ली वार्ट्स ह्या पांच जणांनीं एका निबंधांत मांडली, आणि ती आत्याबाईंच्या रीतीच्या अगदीं उलट आहे. प्रथम एक मुदत अंदाजानें धरावी. समजा, चार तास. मग प्रत्येक काम येतांच तें सर्वांत संथ अशा व्यक्तीला द्यावें, कीं जिच्या हातचें सारें धरून तें मुदतीच्या दुपटींत, म्हणजे आठ तासांत, संपेल. चपळ व्यक्तीकडे तेव्हांच वळावें, जेव्हां तिच्याहून संथ असलेल्यांपैकीं कोणालाहि तें तेवढ्यांत जमणार नाहीं.

प्रथम ऐकतांना ही रीत वेडगळ वाटते. पण ती कां फसत नाहीं तें पाहण्यासारखें आहे. उत्तम मांडणीला चार तास खरोखरच पुरतात असें धरूं, आणि तरीहि एक काम असें आलें कीं तें कोणाकडेच बसेना, अशी कल्पना करूं. सर्वांत चपळ व्यक्तीला कोणतेंहि एक काम करण्यास चार तासांहून अधिक लागत नाहीं. तरी तें तिच्याकडे बसत नाहीं, म्हणजे तिच्या हातीं आधींच चार तासांहून अधिक काम आहे. तिच्यापासून वेगाच्या उतरत्या क्रमानें खालीं या. जिच्या हातीं चार तासांहून अधिक काम नाहीं अशी कोणी तरी भेटलीच पाहिजे. कारण सर्वांच्याच हातीं अधिक असतें, तर उत्तम मांडणीलाहि चार तास पुरले नसते. अशी जी पहिली भेटेल ती आमची मावशी समजा. मावशीहून चपळ आहेत त्या साऱ्याजणींवर चार तासांहून अधिक बोजा आहे. उत्तम मांडणींत तेवढा बोजा त्यांच्यावर असूं शकत नाहीं. म्हणून त्यांतलें निदान एक काम तरी त्या मांडणीनें मावशीकडे, किंवा मावशीहून संथ कोणाकडे दिलेलें असलेंच पाहिजे. जिला तें दिलें तिला तें चार तासांत होतें, मग मावशीला तर होईलच. मावशीच्या हातीं चार तासांहून अधिक काम कधींच नव्हतें. चार आणि चार आठ. तर मग आपल्या रीतीप्रमाणें तें काम मावशीकडे किंवा तिच्याहून संथ हातांकडेच जावयास हवें होतें. तें चपळ हातांत गेलें कसें? जाऊंच शकत नाहीं. म्हणून न बसणारें काम येईल ही आपली कल्पनाच खोटी.

वरच्या शेगडीवर हीच रीत ४० मिनिटांची मुदत धरून लावून पाहा. पहिला पदार्थ लहान बर्नरवर जातो. दुसऱ्याला तेथें जागा राहत नाहीं, म्हणून तो मोठ्यावर जातो. आणि ४० मिनिटांत स्वयंपाक आटोपतो. मुदतीचा अंदाज मुळांतच कमी धरला गेला असेल तर जें काम बसणार नाहीं तेंच तें सांगतें. मग मुदत दुप्पट करून पुढें चालावें. ह्या चुकल्यामाकल्या अंदाजांची सारी किंमत धरूनहि एकूण वेळ उत्तमाच्या आठपटीवर जात नाहीं, मग माणसें दहा असोत कीं दहा हजार. आठपट म्हणजे पुष्कळ झालें, हें कबूल. पिओत्र बर्मन, मोझेस चारिकर आणि मारेक कार्पिन्स्की ह्यांनीं २००० सालीं ती ५.८३ पर्यंत खालीं आणली. ह्यांतले चारिकर मूळचे मुंबईचे.

हें सर्व आत्याबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच आक्षेप काढला. "अरे, तुझी मावशी नारळाला संथ आहे, मोदकाला नाहीं. तिच्या कळ्या बघ, आणि सूनबाईच्या बघ." आक्षेप बिनतोड होता. एक व्यक्ती सर्वच कामांत दुसरीहून सारख्याच पटीनें चपळ असते, हें आपण मुकाट्यानें गृहीत धरलें होतें. तें सोडलें, ज्याची त्याची गति कामागणिक वेगळी मानली, कीं गणित आणखी बिकट होतें. यान कारेल लेन्स्ट्रा, डेव्हिड श्मॉइस आणि एव्हा टार्डोश ह्यांनीं १९९० सालीं, सर्व कामें आधीं ठाऊक असतील तर, ह्याहि प्रकाराला दुपटीचें वचन देणारी रीत शोधली. आणि त्याच निबंधांत हेंहि दाखविलें कीं, दीडपटीहून चांगलें वचन झटपट देतां आलें तर कार्प ह्यांचीं एकवीस कोडीं सुटल्यासारखींच होतील. दीड आणि दोन ह्यांमधली ती जागा अजून मिटलेली नाहीं.

यंदाच्या गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक मावशीकडे गेले, कोथिंबीर आणि वेलदोडे थोरल्या वहिनींकडे. सूनबाईला आत्याबाईंनीं सकाळपासून जवळजवळ कांहींच दिलें नव्हतें. ती ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसली होती, आणि शेजारणी येतां जातां तिच्याकडे पाहात होत्या. साडेअकराला ठाण्याहून कळवल्यावांचून नऊ पाहुणे आले.